शिंगवाल्यांनी मागितलेलं तळं

डोंगराच्या उतारावर एक दाट रान होतं आणि त्या रानात एक साळुंकी राहत असे. मुलांनो, साळुंक्या बडबड्या असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. ही मात्र बोलायची कमी आणि विचारायची जास्त. कुणी नुसतं म्हणालं की आज भूक नाही, तर ही शेजारी येऊन बसणार आणि का नाही ते विचारणार. कोल्हा तिला 'चौकशीखातं' म्हणून चिडवत असे.

त्या वर्षी रानात मोठी पंचाईत झाली. दरड कोसळली आणि जुनं तळं पार बुजून गेलं. पावसाळा सरत आला होता. नवं तळं खणायचं तर माती ओली आहे तोवरच. एकदा ती वाळली की खणणाऱ्या घुशींची नखं तुटली असती, पण ढेकूळ हललं नसतं. आणि तळं झालं नाही, तर उन्हाळ्यात ओढा आटल्यावर सगळ्यांना पाण्यासाठी पायथ्याच्या माळावर, रानकुत्र्यांच्या तोंडी जावं लागणार होतं. म्हाताऱ्या गव्याने सभा बोलावली. सभेत शिंगं असलेल्यांनीच बोलायचं, अशी तिथली रीत. गवा बोलला, नीलगायीचा नर बोलला, चितळांचा म्होरक्या तर भरपूर बोलला. तळं खोल हवं आणि काठ चारी बाजूंनी सरळ उभे हवेत, असं ठरलं. मग गव्याने साळुंकीला सांगितलं की काय खणायचं ते घुशींना नीट समजावून दे, चुकलं तर पुन्हा खणायला ओली माती उरणार नाही.

सभेतलं सगळं साळुंकीला पाठ होतं. ते तसंच सांगून तिला मोकळं होता आलं असतं. तिने ते केलं नाही, आणि इथेच मला ही साळुंकी फार आवडते. ती थोरल्या घुशीला म्हणाली, "मावशी, जरा थांबा. जे पाणी प्यायला येणार, त्या सगळ्यांना मी अजून भेटलेच नाही." घूस नखांना धार लावून बसली होती, ती वैतागली. हिच्या चौकशा संपेपर्यंत उन्हाळा उजाडेल, असं म्हणत कोल्हा रानभर हसत सुटला. माती खरंच रोज थोडी थोडी सुकत होती. साळुंकीला ते दिसत नव्हतं असं नाही. तिचाही जीव वरखाली होत होता.

तरी ती हिंडली. तळं कसं हवं, असं तिने कुणालाच विचारलं नाही. पाण्यावर आलास की काय काय करतोस, एवढंच ती विचारी. रानडुक्कर म्हणालं की चिखलात लोळल्याशिवाय गोचीड काही जगू देत नाहीत. मोराला पाणी नितळ लागत होतं. चितळांतली एक हरिणी मात्र बोलायलाच तयार होईना. आमच्या वतीने म्होरक्या बोलला आहे ना, असं म्हणून तिने तोंड फिरवलं. तेव्हा साळुंकीने तिला पाडसासकट ओढ्याच्या उभ्या काठावर नेलं. हरिणी झपकन खाली उतरली. पाडस वर थरथरत उभं राहिलं, त्याने एक पाय पुढे टाकला आणि गडगडत खाली गेलं. त्याला काही केल्या वर चढता येईना. शेवटी लांबचा वळसा घालून, सपाट जागेवरून त्याला वर आणावं लागलं. साळुंकीच्या लक्षात आलं. सभेने मागितलेलं तळं खणलं असतं, तर उन्हाळ्यात रानातली पाडसं एक तर तहानेने गेली असती, नाही तर पाण्यात बुडून.

दुसरं कुणी असतं तर तडक गव्याकडे जाऊन म्होरक्याची चूक चव्हाट्यावर मांडली असती. ही म्होरक्याकडेच गेली.

"दादा, काठ उभाच का हवा?"

म्होरक्याने आधी तोऱ्यात शिंगं हलवली. मग त्याची मान खाली गेली. "जुन्या तळ्याचा काठ उतरता होता. तिथल्या चिखलात माझा धाकटा भाऊ रुतला. रानकुत्री आली आणि मी नुसता बघत राहिलो. तसा चिखल पुन्हा नको."

साळुंकीला रडू आलं. मग तिने हळूच पाडसाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, काठ उतरता ठेवून त्यावर ओढ्यातले गोटे पसरले, तर पाय रुतेल का? म्होरक्याने विचार केला. तसं असेल तर उतार चालेल, असं तो म्हणाला.

मग साळुंकीने ओल्या मातीत चोचीने तळं रेखलं. मधे खोल पाणी, एका बाजूला गोट्यांचा उतार आणि खाली, सांडलेलं पाणी साचेल तिथे, डुकराचा चिखल. तिने सगळ्यांना बोलावलं आणि ज्याचं म्हणणं त्याला परत ऐकवलं. साळिंदराने खोड काढली की उतार झुडपांकडे आहे, तिथे रानकुत्री दबा धरून बसतील. साळुंकीने न रागावता रेघा पुसल्या आणि उतार मोकळ्या बाजूला काढला. शिंगवाल्यांनी आणि बिनशिंगवाल्यांनी, सगळ्यांनी त्या चित्राखाली आपापल्या पायांचे ठसे उमटवले, तेव्हाच तिने घुशींना हाक मारली. घुशींना कुठे अडावं लागलं नाही की खणलेलं बुजवावं लागलं नाही. माती वाळायच्या आत काम फत्ते झालं आणि शेवटच्या पावसात तळं भरलं.

उन्हाळा आला. ते पाडस गोट्यांवरून टुणटुण खाली गेलं, पोटभर पाणी प्यायलं आणि वर आलं. म्होरक्या ते बघत उभा होता. तो साळुंकीला म्हणाला, "ताई, काठ कसा हवा ते सभेत सगळ्यांनी विचारलं होतं. का हवा, ते विचारायला तू एकटीच आलीस. माझ्या भावाविषयी तोवर मी कुणाशीच बोललो नव्हतो."

तात्पर्य : लोक काय मागतात ते ऐकावं, ते का मागतात हे विचारावं, जे गप्प आहेत त्यांनाही बोलतं करावं आणि सगळं सर्वांना परत ऐकवून मगच कामाला हात घालावा.