एक्केचाळीस अ

"पण मला एक सांगा बाबा, एका माणसाच्या हट्टापायी अख्ख्या गावाचं घरपोच टपाल अडून राहायचं का?"

सोमपुरी बाबा मठाच्या ओसरीवर सुंठ कुटत बसले होते. कुटणं काही थांबलं नाही.

विचारणारे दिगंबरराव खंदारे, कुसळगाव नगरपंचायतीचे सदस्य. मठाची चढण चढून घामाघूम झाले होते, आणि घाम पुसायच्या आधीच बोलायला लागले होते. स्वभावच तसा.

कुसळगावात टपाल कधी कुणाच्या घरी गेलं नव्हतं. दुपारच्या एसटीनं थैली यायची. पोस्टातला एकुलता एक बाबू ओट्यावर उभा राहून नावं पुकारायचा. ज्याचं टपाल तो नसला, तर त्याच्या गल्लीतलं जे कुणी समोर दिसेल त्याच्या हाती द्यायचा. जाता जाता देऊन टाक म्हणायचा. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दिगंबररावांना वाटायचं. त्यांच्या मुलीचं, निर्मलाचं, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र असंच दुसऱ्याच्या हाती गेलं आणि मुलाखत होऊन गेल्यावर घरात आलं. तेव्हापासून हा माणूस पेटला होता. अर्ज केले, खेटे घातले, जिल्ह्याच्या साहेबांना नको नको करून सोडलं. शेवटी साहेब म्हणाले, पोस्टमन देतो, पण आधी प्रत्येक दाराला नंबर लावा. एकही दार सुटता कामा नये.

"सगळ्यांनी पाट्या लावल्या," दिगंबरराव म्हणाले. "त्या भांडकुदळ सोनाराच्या आळीनंसुद्धा लावल्या! एक घर राहिलंय. सोमवारी साहेब बघायला येणार. एक पाटी नसली तरी फाईल परत!"

"कुणाचं घर?"

"एक्केचाळीस अ."

"नंबर नाही विचारला. माणूस विचारला."

"तिथले रहिवासी... रंगनाथ खंदारे."

बत्ता जरा थांबला.

"तुझा भाऊ."

"सख्खा. वाटण्या झाल्यापासून बोलणं नाही."

दिगंबररावांनी पिशवीतून पत्र्याची पाटी काढून बाबांपुढे टाकली. पाटी पार दुमडली होती.

"ही बघा! वाकवून माझ्या अंगणात फेकली. गावाच्या भल्याचं काही करायला गेलं की हे असं!"

"निर्मलाचं पत्र कुणाच्या हाती पडलं होतं?"

"त्याच्याच की! त्यानं ते मधल्या भिंतीवर ठेवलं, वर दगड ठेवला आणि घरात गेला. हाक मारली नाही बाबा. एक हाक! वर म्हणतो, ठेवलं होतं की समोर."

"मग तुला दिसलं कसं नाही?"

"कसं दिसणार? भिंत..."

"भिंत काय?"

"...भिंत मी उंच करून घेतली होती."

बाबा पुन्हा कुटू लागले. दिगंबरराव चुळबुळत बसले. कुणी कुटत असताना भांडता येत नाही.

"निर्मला काय करते आता?" बाबांनी विचारलं.

दिगंबररावांचा आवाज उतरला. "पुन्हा परीक्षा दिलीय. पत्र कधीही येईल. रोज दुपारी पोस्टाच्या ओट्यावर जाऊन उभी राहते. नावं संपली की मान खाली घालून घरी येते. मला नाही बघवत ते, बाबा. म्हणून तर एवढं सगळं..."

"ही पाटी रंगनाथाला द्यायला कोण गेलं होतं?"

"नगरपंचायतीचा शिपाई. नंतर नोटीसही पाठवली. उद्या दुसरी निघेल."

"तुझ्या दारावर कितीची पाटी आहे?"

"एक्केचाळीस."

"आणि थोरला कोण?"

दिगंबरराव छपराकडे बघू लागले.

"तो मुद्दाच नाही बाबा. घरं मोजत गेलो, तेव्हा माझं दार आधी आलं, त्याचं नंतर. इतकं साधं आहे ते."

"मोजत कोण होतं?"

"...मी."

"सुरुवात कुठल्या टोकाकडून केलीस?"

दिगंबररावांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

सोमपुरी बाबांना राग येत नाही असं खालच्या गावात सांगतात. सांगणारे कधी चढण चढून आलेले नाहीत. बाबांनी ती पाटी ओढली, ओसरीच्या दगडावर आपटली आणि बत्त्यानं अशी ठोकायला घेतली की माळवदावरची कबुतरं उडाली. ठोकून ठोकून पत्रा सरळ केला. रंगाचे टवके उडाले, पण 'अ' शाबूत राहिला.

सुंठीची पूड लागलेली ती पाटी त्यांनी दिगंबररावांच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझ्या दाराला लाव."

"माझ्या?"

बाबांनी खल पुढ्यात ओढला.

"म्हणजे मी अ? गावभर नंबर मी पाडले, साहेबांच्या दारात चपला मी झिजवल्या, आणि माझ्याच दारावर..."

बाबा खलात उरलेली सुंठ बोटानं गोळा करत राहिले.

दिगंबरराव उठले. पुन्हा बसले. चढणीच्या वाटेकडं बघितलं. खाली पोस्टाचा ओटा दिसत होता, आणि एसटीची वेळ होत आली होती...

"बरं," ते म्हणाले. "लावतो. पोरीसाठी लावतो." पाटी त्यांनी पिशवीत घातली. "आणि माझी एक्केचाळीसची आजच उतरवून दादाकडे पाठवून देतो. शिपायाच्या हाती."

दादा हा शब्द त्यांच्या तोंडून फार वर्षांनी निघाला होता. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

बाबांनी बत्ता खाली ठेवला.

"घरपोच, दिगंबर," ते म्हणाले. "घरपोच."