बरोबर तेल

“मग उस्ताद, यातलं चुकीचं तेल कुठलं?”

रंगनाथ पोरे दुसऱ्यांदा विचारत होता.

फरशीवर तेलाच्या तीन बाटल्या होत्या. शेजारी स्टँडवरून उतरवलेलं, चादरीत बांधून तासगावहून एसटीनं आणलेलं त्याचं शिलाई मशीन.

गैबीसाहेब उस्ताद मिरजेत, दर्ग्यामागच्या एका खोलीत मशिनं दुरुस्त करत. वय पंच्याऐंशी. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. चाळीस वर्षांपूर्वी रंगनाथ त्यांच्याकडेच मशीन उघडायला शिकला. पुढं कोट शिवण्यात त्यानं असं नाव काढलं, की उस्तादांकडं यायचं काही कारणच उरलं नाही.

आज आला होता.

उस्तादांनी पहिली बाटली उघडली. वास घेतला. एक थेंब चिमटीत धरून चोळला.

“हे खाण्याचं नाही, डोक्याला लावायचं नाही. आत जाऊन चिकटणार नाही. चांगलंय.”

“दुसरं?”

“पातळ. सगळीकडं पोचेल.”

“आणि ते?”

तिसऱ्या बाटलीला उस्तादांनी जास्त वेळ घेतला.

“हेही मशीनचंच.”

“म्हणजे तिन्ही बरोबर?”

“तिन्ही.”

रंगनाथचा चेहरा उतरला. एक तरी चुकीचं निघायला हवं होतं.

“भेसळ असेल,” तो म्हणाला. “नीट बघा. टाका वाकडा पडतोय, उस्ताद. माझा टाका!”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून... गेल्या आठवड्यात एका नवरदेवाचा कोट होता. कॉलरची शिलाई तीनदा उसवली. शेवटी कापडावर सुईची भोकं दिसायला लागली.”

“गिऱ्हाईक काय म्हणालं?”

“काहीच नाही. माझ्याकडं बघितलं, कोट उचलला आणि गेलं. भांडलं असतं तरी चाललं असतं.”

उस्ताद उठले. दोघांनी मिळून मशीन खोलीतल्या स्टँडवर चढवलं, पट्टा लावला. उस्तादांनी कापडाचा एक तुकडा घेतला, कापड दाबून धरणारी दाबपट्टी बोटानं चाचपली आणि पायानं मशीन चालवलं. वीतभर शिलाई घातली, दोरा तोडला, तुकडा रंगनाथच्या हातात दिला.

रंगनाथनं तो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

शिलाई सरळ होती. अगदी सरळ.

“तुम्हाला तर दिसतही नाही,” तो पुटपुटला.

“नाही दिसत.”

“मग बिघडलंय काय?”

उस्तादांनी फळीवरची तेलाची कुपी काढून त्याच्यापुढं धरली.

“तेल घाल.”

रंगनाथ हलला नाही.

“घरी कोण घालतं?”

“...सून.”

“आज तू घाल.”

रंगनाथनं कुपी घेतली. तिची चोच मशीनच्या वरच्या भोकावर नेली. थेंब भोकाच्या बाजूला पडला.

“गाडीत बसून हात आखडलाय.”



दुसरा थेंब मशीनच्या काळ्या अंगावरून ओघळला. रंगनाथनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. तिसरा थेंब त्याच्या धोतरावर पडला. आता दोन्ही हात थरथरत होते. कुपी मशीनवर आपटून टकटक वाजू लागली, तशी त्यानं ती खाली ठेवली.

“उस्ताद... एकदा म्हणा ना, तेल चुकीचं आहे.”

“डॉक्टरकडं गेला होतास?”

“गेलो होतो.”

“काय म्हणाले?”

“वाढत जाणार, म्हणाले. गोळ्या दिल्यात. पण पहिल्यासारखं... नाही होणार, म्हणाले.”

“आणि तरी इथं आलास.”

“म्हणूनच आलो!” रंगनाथचा आवाज चिरकला. “मशीनचं दुखणं असतं, तर तुम्ही काढलं असतं. तुमच्याकडून एकही मशीन तसंच परत गेल्याचं मी बघितलं नाही. वाटलं, तुम्ही म्हणाल, रंगा, तू गाढव आहेस, हे कसलं तेल घातलंस... शिव्या द्याल. मी ऐकून घेतल्या असत्या.”

उस्तादांनी मशीनवर हात फिरवला. भोकाभोवती सांडलेलं तेल बोटांना लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“दुसरं काही येत नाही मला,” रंगनाथ म्हणाला. “नवव्या वर्षापासून हेच करतोय. सकाळी उठून बसायचं कुठं, तेसुद्धा कळत नाही आता.”

त्यानं मशीनवर कपाळ टेकलं.  बाहेर कुणी दुसरं मशीन घेऊन आलं, दारातून आत पाहिलं आणि आल्या पावली परत गेलं.

“मी काय करू, उस्ताद?”

उस्तादांनी चाचपत त्याचा उजवा हात शोधला. धरून ठेवला. त्यांच्या हातातही तो थरथरतच राहिला... मग त्यांनी कुपी उचलून त्या हातात दिली आणि त्याची बोटं एक एक करून तिच्यावर मिटवली.

“वरच्या बाजूला अजून सहा भोकं आहेत. सांडलं तर सांडू दे, घाल.”