काचमहालातले मासे

फार पूर्वी, समुद्रापासून खूप लांब असलेल्या एका नगरात केरोबा नावाचा मासेपाळ राहत असे. राजवाड्याच्या बागेतल्या हौदातले मासे त्याने पंधरा वर्षं सांभाळले होते. सर्वांत म्हाताऱ्या मासळीला तो ‘थोरली’ म्हणे. ती त्याच्या हातातून खाई.

एकदा राजाने प्रजेसाठी मोठा काचमहाल बांधला. भिंतीएवढ्या काचा आणि आत पाणीच पाणी. राजाने भरदरबारात विचारलं, “केरोबा, चार दिवसांनी उत्सव आहे. तोवर सगळे मासे आत सोडता येतील ना?”

सगळा दरबार त्याच्याकडे बघू लागला. केरोबा म्हणाला, “होय महाराज.”

घरी त्याची बायको भिवरा चिडली. “अहो, नव्या टाकीतलं पाणी महिनाभर मुरू द्यावं लागतं, नाहीतर मासे गुदमरतात. आधी दोन-चारच मासे सोडायचे. हे तुम्हीच मला शिकवलंत ना?”

“एवढ्या लोकांसमोर राजाला नाही कसं म्हणू? होईल काहीतरी.”

उत्सवाच्या दिवशी सारं नगर लोटलं. मुलं काचेला नाक लावून उभी राहिली. एक आजोबा नुसते बघतच राहिले. केरोबालाही वाटलं, झालं सगळं नीट.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. लोकांना वाटलं, मासे नाचताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मासे श्वासासाठी तडफडताहेत, हे त्या गर्दीत फक्त केरोबाला कळत होतं.

तो धावत राजाकडे गेला. “महाराज, मासे आत्ताच्या आत्ता हौदात परत न्यायला हवेत!”

“हौद कुठे आहे आता?” राजा म्हणाला. “तो परवाच बुजवला. तिथे फुलझाडं लावली.”

केरोबाने घागरी भरभरून पाणी बदललं. मासे ठेवायला नगरातल्या विहिरी धुंडाळल्या. काही उपयोग झाला नाही. आठ दिवसांत एकेक करून सगळे मासे मेले. थोरली शेवटी गेली. तिला ओंजळीत धरून तो राजाकडे गेला.

राजा म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस. मासेच नाजूक निघाले.”

“नाही महाराज. असं होणार हे मला माहीत होतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी महिनाभर थांबलो असतो.”



राजाने त्याला शिक्षा केली नाही. महिन्याभराने नवे मासे आले आणि ते जगले. लोक पुन्हा येऊ लागले. केरोबा सगळं काम चोख करी. पण कुणी कौतुकाने म्हणालं, “काका, किती छान ठेवलेत हो मासे!” की तो मान खाली घालून तिथून निघून जाई.

तात्पर्य: मुक्या जिवांच्या वतीने बोलायची वेळ आली की तेव्हाच बोलावं. नंतर कबूल केलेलं खरं कुणालाही वाचवत नाही.