द्वारकाच्या कर्जाचा विमा

मेलेल्या माणसामुळे कर्ज फिटतं, हे तुम्ही कधी ऐकलंय का? विधवा द्वारकाचा हप्ता थकला, तेव्हा फायनान्सच्या साहेबांनी कर्ज घेतलेल्या बायकांच्या सगळ्या गटासमोर तिचं शिलाई मशीन उचललं. तिनं हात जोडले, तसे ते म्हणाले, “मग जीव दे. विम्यातून फिटेल कर्ज.”

बायका मान खाली घालून बसल्या. गटातल्या म्हाताऱ्या कौतिकाबाईंनी तेवढं विचारलं, “साहेब, तो विमा एकट्या बाईचाच का?”

“नवरा-बायको दोघांचा. कोणीही मेलं तरी कर्ज माफ.”

“मग हिचा नवरा कर्ज घेतल्यावर दिवाळीतच गेला की. मातीला तुम्हीपण आला होतात. एक जण मेलाय, साहेब. अजून किती पाहिजेत?”

साहेबांनी मशीन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्वारकाच्या दारात आले आणि त्यांनी तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला.