सुखरूप

एका गावात एक चमत्कारिक रीत होती. बाळ जन्मलं की सुईण पाणवठ्यावर जाऊन सांगायची, "बाळ-बाळंतीण सुखरूप." एकदा हे शब्द तोंडातून निघाले की बाळंतिणीची चौकशी कुणी करायची नाही. पुन्हा विचारलं तर सुखाला दृष्ट लागते, असं सगळे मानत. रीत कुणालाच जड जात नव्हती, म्हणून ती टिकली.

त्या गावात एका कोष्ट्याच्या बायकोला मुलगा झाला. सुईणीने नेहमीचं सांगितलं, आणि कोष्टी लुगडी विकायला दूरच्या बाजारांना निघून गेला. घरात ना सासू, ना नणंद.

बाळ रडायचं आणि कोष्टीण नुसती बघत राहायची. तिला अन्न गोड लागेना, अंगावरचं दूध आटत चाललं. कधी कधी तिला ते मूलच नकोसं व्हायचं, आणि असं वाटलं म्हणून ती स्वतःलाच दोष द्यायची.

शेजारणीला सगळं ऐकू येत होतं. एकदा न राहवून तिने गरम पेजेचा तांब्या उचलला. कुंपणाशी सुईण भेटली.

"कुठं निघालीस गं?"

"कोष्टिणीकडं. लेकरू फार रडतंय. जरा घेते त्याला, तेवढंच ती दोन घास खाईल."

"अगं, मी सुखरूप म्हणून सांगून आलेय. तू विचारायला गेलीस आणि काही बरंवाईट झालं, तर गाव कुणाला बोल लावेल?"

शेजारीण घुटमळली. मग माघारी वळली. पेज गार झाली आणि गाईच्या घमेल्यात गेली.

पुढे रडणं थांबलं. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "शहाणं झालं हो बाळ."

शेजारणीला मात्र ती शांतता सोसेना. अखेर रीत मोडून ती आत गेली. बाळ जागं होतं. तिने टाळी वाजवली, हात पुढे केले. बाळाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"रडायचं सोडलं त्यानं," कोष्टीण म्हणाली. "कुणी येत नाही, हे कळलं त्याला. मला आधीच कळलं होतं."

त्यानंतर शेजारीण रोज येत राहिली. पोर वाढलं, चालायला लागलं. पण पडलं, लागलं, तरी ते कुणाला हाक मारत नसे. मुकाट्याने उठायचं आणि गुडघा पुसायचं.

सुईण अजूनही पाणवठ्यावर तेच सांगते.

तात्पर्य इतकंच: बाळ रडतंय तोवर जा, आणि आधी त्याच्या आईला विचारा, "तू कशी आहेस?" बाळ गप्प झाल्यावर गेलात, तर फार उशीर झालेला असतो.