टुणटुण्याचा काटा आणि दारातला दगड

पाटाच्या अलीकडे हिरवं गवत. पाटाच्या पलीकडे टुणटुण्याचं घर. टुणटुण्या म्हणजे एवढासा नाकतोडा. सकाळी गवत खायला यायचा, टुणुक टुणुक. दुपारी आईकडे परत जायचा, टुणुक टुणुक. मधला पाट एका उडीत पार.

एकदा काय झालं, त्याच्या पायात बाभळीचा काटा रुतला. खच्च. उडी मारायला गेला, तर टुणुक होईना. नुसतं टुक. उडीच हरवली. पलीकडे आई दारात वाट बघतेय, अलीकडे टुणटुण्या रडवेला. बिचारा.

मग तो लंगडत निघाला. टुक लंगड, टुक लंगड. आला खेकडा डॉक्टरांकडे. काटे काढण्यात डॉक्टर भारी पटाईत. दोन हातांना दोन चिमटे, आणखी काय हवं? दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर चिमटे पुसत बसले होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते.

"डॉक्टर, डॉक्टर, माझा काटा काढा."

"काढतो की. पण आधी मोबाईलवर नंबर लाव."

"इथं तर कोणीच नाही."

"नसेना का. मैनाताईकडे जा, नंबर आण."

टुक लंगड, टुक लंगड. टुणटुण्या गेला मैनाताईकडे. मैनाताई खिडकीत बसते, मोबाईलवर चोच मारते, टक टक टक. दवाखान्याचे नंबर तीच देते.

"मैनाताई, मैनाताई,
काट्यानं उडी नेली,
डॉक्टर काटा काढेना,
आता मी घरी जाऊ कसा?
मला नंबर दे."

"देते की. पण नेट बंद आहे. घारमावशीनं नेट सोडलं की देते."

आणि ती पुन्हा टक टक करू लागली. नेट नसताना काय करत होती, तिचं तिलाच ठाऊक.

टुक लंगड, टुक लंगड. टुणटुण्या गेला घारमावशीकडे. घारमावशी उंच टॉवरवर बसते, तिथून सगळ्यांना नेट सोडते. टुणटुण्यानं खालूनच हाक मारली.

"घारमावशी, घारमावशी,
काट्यानं उडी नेली,
डॉक्टर काटा काढेना,
मैना नंबर देईना,
आता मी घरी जाऊ कसा?
तेवढं नेट सोड."

"सोडते की. पण वायर तुटलीय. माकडदादानं वायर जोडली की सोडते."

टुक लंगड, टुक लंगड. टुणटुण्या गेला माकडदादाकडे. माकडदादा वायरमन. खांबाखाली बसला होता, शेपटी मांडीवर घेऊन.

"माकडदादा, माकडदादा,
काट्यानं उडी नेली,
डॉक्टर काटा काढेना,
मैना नंबर देईना,
घार नेट सोडेना,
आता मी घरी जाऊ कसा?
तेवढी वायर जोड."

"जोडतो की. पण माझ्या शेपटीत काटा रुतलाय. डॉक्टरांनी काटा काढला की जोडतो."

टुणटुण्या म्हणाला, मग जा ना डॉक्टरांकडे. माकडदादा म्हणाला, कालच गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, नंबर लाव.

टुणटुण्या मटकन खाली बसला.

काट्यानं उडी नेली,
डॉक्टर काटा काढेना,
मैना नंबर देईना,
घार नेट सोडेना,
माकड वायर जोडेना,
आता मी घरी जाऊ कसा?

आता मात्र त्याला राग आला. एवढ्याशा अंगात केवढा तरी राग. मग त्याला आई आठवली. आई नळावर काय करते? रांगेत दगड ठेवते. दगड थांबतो रांगेत, आई थांबते घरी. नंबर आईचाच.

टुणटुण्यानं दोन दगड शोधले. एक मोठा, माकडदादाचा. एक छोटा, त्याचा स्वतःचा. माकडदादा कालपासून थांबला होता, म्हणून त्याचा दगड आधी. दोघं दवाखान्यात गेले. दारात दगड ठेवले. ठक. टिक.

डॉक्टर पुसता पुसता थांबले. लहानपणी त्यांचीही आई नळावर दगड ठेवायची. रांगेतला दगड कुणी हलवायचा नसतो, एवढं डॉक्टरांना ठाऊक होतं.

"पहिला दगड कोणाचा?"

"माझा," माकडदादा म्हणाला.

डॉक्टरांनी शेपटीतला काटा काढला. खुट्.
माकडदादानं वायर जोडली. सरसर, खट्.
घारमावशीनं नेट सोडलं. सूं सूं.
मैनाताईनं नंबर दिला. टिंग.

डॉक्टरांनी मोबाईल बघितला. "टुणटुण्या, लागला बरं का तुझा नंबर. पुढच्या गुरुवारी, साडेचार वाजता."

टुणटुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारपर्यंत आई दारातच उभी राहील. त्यानं डोळे पुसले. लंगडा पाय उचलून दाराकडे दाखवलं.

"डॉक्टर, माझा दगड."

डॉक्टरांनी मोबाईलकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. परत मोबाईलकडे बघितलं. मग मोबाईल पालथा ठेवला.

"दुसरा दगड कोणाचा?"

"माझा."

"या, बसा."

खुट्. निघाला काटा.

टुणुक. टुणुक टुणुक. आला पाट, गेला पाट. आईनं त्याला पोटाशी धरलं आणि किती वेळ सोडलंच नाही.

पुढच्या गुरुवारी साडेचार वाजता मैनाताई नंबर पुकारत होती. टुणटुण्या, टुणटुण्या. टुणटुण्या आईच्या कुशीत गाढ झोपला होता.

पुकारू दे तिला. आपणही झोपू या.