दादाच्या नावावर कानस

रखमाजी लोहाराचा तेरावाही झाला नव्हता, तोच त्याच्या धाकट्या भावाला, सटवाला, दरबारात बोलावणं आलं. सरदार रणबाजींनी वाकलेली तलवार राजापुढे टाकली.

"डुकरावर वार केला आणि ही वाकली, महाराज! पोलादाला नीट पाणीच दिलेलं नाही. पात्यावरचं त्या लोहाराचं नाव कानशीनं घासून काढा."

सटवाचं रक्त उसळलं. दादाचं मागे उरलं होतं ते एवढं नावच. पण तलवार हातात घेताच त्याला टोकावरची काजळी दिसली.

"काढा सरकार," तो म्हणाला. "पण आपल्याच हातानं."

रणबाजींनी मिशीला पीळ देत मुठीजवळच्या नावावर कानस घासली. ती नुसतीच घसरली. घामानं पगडी भिजली, तरी नावाचा काना झिजेना.

"आता टोकाला घासा."

तिथे पहिल्याच हाताला कीस पडला.

"दादानं अख्खं पातं एकदमच तापवलं, एकाच पाण्यात बुडवलं," सटवा म्हणाला. "मुठीकडे ते अजून कडक आहे. टोक पुन्हा विस्तवात गेलं, म्हणून मऊ पडलं. सरकार, त्यावर काय भाजलंत?"

रणबाजी पगडी सावरू लागले. त्यांचा नोकर मात्र बोलून गेला, "ससा, महाराज. फार झकास झाला होता!"

राजाला हसू आवरेना. "नाव राहू द्या. आणि रणबाजी, पुढच्या शिकारीला सळई न्या."

सटवानं नावावरून बोट फिरवलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला मोकळं रडू आलं.